महिना कोणता ते सांगा

वाडी, ता. सांगोला
२ जुलै २०२३

ती. गुरुजींना,
रेश्माचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरच्या मजकुराला तुम्ही चिठोऱ्या म्हणता. म्हणून शहाण्या विद्यार्थिनीसारखी कागद-पेन घेऊन बसले आहे. काकूंचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला जेऊरला आले तेव्हा जिन्यावरून धरधरून उतरत होत्या.

इथलं माझं दुसरं वर्ष सुरू झालं. सातवीला विज्ञान माझ्याकडेच आहे. चौतीस पोरं. निम्म्याहून जास्त धनगर वस्तीवरची, मेंढरं राखणारी. शाळा उघडल्या उघडल्या उजळणी चाचणी घेतली. बी.एड. झाल्यावर तुम्ही मला तुमची प्रश्नांची वही दिली होती ना, निळ्या पुठ्ठ्याची, त्यातलेच पाच प्रश्न जसेच्या तसे घातले. चौथा प्रश्न तुम्हाला आठवत असेल : ‘आपल्या गावात दुपारी बारा वाजता सावली कोणत्या दिशेला पडते? कारण लिहा. गुण पाच.’

तेहेतीस जणांनी ‘उत्तरेला’ लिहिलं. कारण कुणाला जमलं, कुणाला नाही. राजनंदिनी नावाची एक मुलगी आहे, तिनं एवढंच लिहिलं : ‘महिना कोणता ते सांगा.’

पुढे काही नाही. मी शून्य दिलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं, ‘उद्धटपणा करू नये.’ मुलगी तशी हुशार आहे. पण परीक्षेत मास्तरालाच उलटा प्रश्न? तुमच्या वर्गात असं करायची आमची छाती झाली नसती. तरी मनात राहून राहून येतं, जास्त झालं का? तुम्ही असता तर काय केलं असतंत?

तुमची,
रेश्मा


जेऊर
७ जुलै २०२३

चि. रेश्मा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या काकूचा गुडघा आहे तिथेच आहे, आणि तिची जीभ गुडघ्याच्या दसपट चालते. तेव्हा काळजीचं कारण नाही.

तू शून्य दिलंस ते योग्य केलंस. अर्धा गुणसुद्धा देऊ नकोस. प्रश्न सरळ आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, सूर्य आपल्या दक्षिणेकडून जातो, म्हणून दुपारची सावली उत्तरेला. बारा महिने तेरा काळ. यात महिन्याचा काय संबंध? अभ्यास नसला की पोरं अशा पळवाटा काढतात. बत्तीस वर्षं मी हा प्रश्न घातला. एका पोरानं मला उलट विचारलं नाही.

मास्तरानं मवाळ होऊ नये. तू सातवीत असताना गांडूळ बघून बाकावर चढली होतीस, आठवतं? मी तुला खाली उतरवून ते हातात धरायला लावलं. तेव्हा रडलीस. आज पोरांना गांडूळ दाखवतेस की नाही? मग झालं तर.

पण एवढीशी गोष्ट तुझ्या मनाला लागून राहिली, हे मला बरं वाटलं. पगार घेऊन विसरणाऱ्यातली तू नाहीस. पुढच्या चाचणीत तोच प्रश्न पुन्हा घाल. ती मुलगी मुकाट्यानं लिहील.

आशीर्वाद,
जोतीराम गुरुजी


वाडी, ता. सांगोला
१३ जुलै २०२३

ती. गुरुजींना,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या चाचणीत ती मुलगी लिहील असं तुम्ही म्हणता. पण गुरुजी, ती शाळेतच येत नाही. पेपर हातात दिल्यावर राजनंदिनी जेमतेम आठवडाभर आली, मग यायचीच बंद झाली.

तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. लाज वाटली म्हणून. तिचं उत्तर मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली, आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. त्यानंतर तिनं काही बोलायला तोंड उघडलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘महिना कोणता?’ डबा खाताना तेच, पाण्याच्या टाकीपाशी तेच. हे मला नंतर कळलं.

मंगळवारी तिच्या वस्तीवर गेले. वडील सिद्धनाथ आणि राजनंदिनी दोघंही मेंढरांमागे माळावर गेलेली. घरी आजी होती, केराबाई. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की तुमच्या नातीनं पेपरात असं असं लिहिलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून घराला वळसा घालून नेलं. दक्षिणेच्या भिंतीला पाण्याचा रांजण होता.

“ह्यो रांजण एरवी त्या अंगाला असतोय,” उत्तरेकडं हात करून ती म्हणाली. “जेठ लागला की हिकडं आनायचा. जेठ-आखाडात दुपारचं ऊन त्या भितीवर येतंय. पानी तापतंय की. आखाड सरला की परत तिकडं न्ह्यायचा. बाई, ह्ये तुमच्या पुस्तकात न्हाय व्हय?”

मी म्हणाले, नाही. आणि खरंच, गुरुजी, मी तिथं भर दुपारी उभी होते आणि ऊन उत्तरेच्या भिंतीवर होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

निघताना केराबाई म्हणाली, “पोरगी म्हनती, खरं लिवलं तरी भोपळाच मिळतोय, मग मेंढरं काय वंगाळ?” यावर्षी पाऊस नाही, चारा नाही. कळप लवकर बाहेर काढायचा सिद्धनाथांचा विचार आहे. पोरगी शाळेत जात नसेल तर कोकरं सांभाळायला ते तिला बरोबर नेणार. एकदा ती मेंढरांमागे गेली की सातवीत परत येईल असं मला वाटत नाही.

रागावू नका, पण विचारते. वहीतला तो प्रश्न लिहिण्याआधी तुम्ही कधी बाहेर येऊन सावली बघितली होती का? मी तर नव्हती बघितली. तुम्ही सांगितलं म्हणून मी लिहिलं, आणि मी सांगितलं म्हणून तेहेतीस पोरांनी लिहिलं.

तुमची,
रेश्मा


जेऊर
१९ जुलै २०२३

चि. रेश्मा,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जास्त राग आला. बत्तीस वर्षं खडू झिजवले त्याचं फळ हे, की रांजणावरून माझी परीक्षा व्हावी!

तरीही तुझ्या समाधानासाठी काल प्रयोग केला. अंगणात काठी रोवली, ओळंबा लावून सरळ केली. मला ऐकू येत नाही म्हणून तुझ्या काकूला रेडिओपाशी बसवलं आणि सांगितलं, बारा वाजले की हात वर कर. तिनं हात वर केला. मी सावलीवर चुन्यानं रेघ मारली. सावली ना उत्तरेला होती ना दक्षिणेला. ती पडली होती पश्चिमेला! चांगली वीतभर. दक्षिणेकडं किंचित कललेली होती हे खरं, पण आमचं अंगणच जरा तिरकं आहे.

तेव्हा तुझी म्हातारीही चुकली आणि तिची नातही चुकली. प्रयोग कसा करायचा हे मला शिकवायला निघालेली तू कालची पोर. हातच्या काकणाला आरसा कशाला? पुस्तकात आहे ते आहे.

मुलगी शाळेत येत नाही याचं मला वाईट वाटतं. पण एका मुलीसाठी भूगोल बदलता येत नाही. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

जोतीराम गुरुजी

(याच पाकिटात वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीनं :)

रेश्मा, यांचं काय मनावर घिऊ नगं. नाचता यीना अंगण वाकडं, दुसरं काय. काठी उपटून ठिवली न्हाय आजून. आज बी दुपारी तितंच उभं हुते, जेवान गार झालं. मला म्हनले की पाकीट मी चिकटवतो, मी म्हनलं राहू द्या, मी चिकटवती. गुडगा बरा हाय. बजाबाई


वाडी, ता. सांगोला
२४ जुलै २०२३

ती. गुरुजींना,
साष्टांग नमस्कार.

पुन्हा लिहू नकोस म्हणालात, तरी लिहिते आहे. हा उद्धटपणा मात्र खरा आहे.

काल रविवार होता. एक मीटरची काठी, दोरी, ओळंबा आणि घड्याळ घेऊन माळावर गेले. राजनंदिनी लिंबाखाली बसली होती. मला बघून उठली नाही. मी म्हणाले, “सावली मोजायची आहे, मदत करशील?” ती म्हणाली, “कशाला बाई? तुमाला ठाऊक हाय की.” मी खाली बसले आणि म्हणाले, “मला ठाऊक नाही.” गुरुजी, मास्तर झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. तेव्हा तिनं उठून काठी हातात घेतली.

बारा वाजले. मी म्हणाले, “बघ, सावली पश्चिमेला आहे.” तुम्हाला दिसली तशीच. राजनंदिनी म्हणाली, “बारा घड्याळात वाजल्यात. मेंढरांचं आजून वाजलं न्हाईत.” मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाली की दुपार भरली की मेंढरं चरायची थांबतात, एकीच्या पोटाखाली दुसरी मान घालते आणि सगळी गोळा होऊन उभी राहतात. “ती आजून चरत्यात. थांबा की वाईच.”

थांबलो. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला एक खडा. सावली आखडत आखडत वळत गेली. साडेबारा झाले, मेंढरं खरोखरच एकमेकींत माना घालायला लागली. बारा पस्तीसचा खडा काठीच्या सगळ्यात जवळ पडला. त्यानंतर सावली पूर्वेकडं सरकून पुन्हा वाढायला लागली. तो जवळचा खडा काठीपासून तीन बोटांवर होता. आणि होता दक्षिणेला, गुरुजी. नीट, नेमका दक्षिणेला.

घरी येऊन पुस्तकं उघडली. आपलं घड्याळ सबंध देशासाठी एकच, आणि ते लावलंय आपल्यापासून लांब पूर्वेला असलेल्या रेषेवर. सूर्य आपल्या डोक्यावर यायला त्यामुळं उशीर होतो. सध्या तो बारा पस्तीसला येतो. तुम्ही काकूंना रेडिओपाशी बसवलंत, पण सूर्य काही रेडिओ ऐकत नाही. आणि आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत सूर्य आपल्याही उत्तरेला गेलेला असतो. हे वाक्य मी बी.एस्सी.ला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण ते माझ्याच अंगणाबद्दल आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

तुमचं अंगण तिरकं नाही.

तक्ता बघितला. सूर्य आता रोज थोडा थोडा दक्षिणेला सरकतो आहे. ३१ जुलैला, सोमवारी, तो जेऊरच्या बरोबर माथ्यावर असेल आणि तीनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, आमच्या. त्या दिवशी ऐन दुपारी काठीला सावलीच नसेल.

आता एक कबुली द्यायची आहे. खडे गोळा करताना राजनंदिनीनं विचारलं, “मग बाई, माजं बरुबर का?” मी म्हणाले, बरोबर. ती म्हणाली, “मग वर्गात सांगा. हासल्या वर्गात, आनि बरुबर माळावर व्हय?” मला एवढी शरम वाटली की तोंडातून भलतंच निघालं. म्हणाले, “प्रश्न माझा नव्हता गं, माझ्या गुरुजींचा होता.” ती म्हणाली, “मग त्येंनी सांगावं.”

मी तुमच्या मागे लपले, गुरुजी. मला माफ करा. वर्गात मी उद्याच सांगणार आहे, माझी चूक म्हणून सांगणार आहे. पण तिच्या मनात ते बसलंय, प्रश्न ज्याचा त्यानं सांगावं. शनिवारी, ५ तारखेला कळप निघणार. मी सिद्धनाथांना विनवलं. ते म्हणाले, “म्या वडून धाडत न्हाय आनि धरून ठिवत न्हाय. तिचं तिनं ठरवावं.” तुम्ही तिला दोन ओळी लिहाल का?

तुमची,
रेश्मा


जेऊर
३१ जुलै २०२३, दुपारी तीन

चि. रेश्मा,
अनेक आशीर्वाद.

अंगणातूनच आत आलो आणि लिहायला बसलो. हात चुन्यानं माखलेत. कागदावरचे डाग त्याचे आहेत.

या विषयावर लिहू नकोस असं मी तुला म्हणालो खरा, पण तुझ्या काकूनं चोरून कळवलं तेच खरं होतं. ती चिठ्ठी तिनं तुला लिहिलीय हे मला आज कळलं. एकोणीस तारखेपासून मी रोज दुपारी काठीपाशी उभा राहत होतो. आधी तुला खोटं पाडायचं होतं म्हणून. रोज बाराला रेघ मारायचो आणि आत यायचो. सत्तावीसला तुझं पत्र आलं, तेव्हापासून एक वाजेपर्यंत थांबायला लागलो. चुन्याचे ठिपके रोज काठीच्या जवळ सरकायला लागले. सगळे दक्षिणेच्या अंगाला. काल ठिपका काठीपासून जेमतेम अर्ध्या बोटावर होता. तो ठिपका बघून रात्री भाकरी गोड लागली नाही.

आज सकाळपासून आभाळ होतं. मनात म्हटलं, बरं झालं, आता काही दिसत नाही आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. एवढा भित्रा विचार आयुष्यात आला नव्हता. साडेबाराला ढग फाटला. सावली बोटभर, मग नखाएवढी, आणि बारा छत्तीसला काठीच्या बुडाशी काही नाही. मी उभा, आणि माझी सावली माझ्या पायाखाली. मी बजाबाईला हाक मारली, “बाहेर ये, बघ, सावली गेली!”

ती दारात आली. बघितलं आणि म्हणाली, “मग? दरसाल जाती की.”

मी विचारलं, तुला ठाऊक होतं? रेश्मा, तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. “पस्तीस वर्सं ह्या आंगनात कुरडया वाळवती हाय. वैशाख निम्मा झाला की त्या भितीची सावली जाती, मग पान्याची घागर हिकडं घ्यायची. नागपंचमीच्या मोहरं सावली परत तिकडं. तुमी दुपारचं शाळंत.”

म्हटलं, मग इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, “मला इचारलं कुणी?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण पोरांना अर्थासह लिहून द्यायला लावायचो मी. दोन हजार तरी पोरं माझ्या हाताखालून गेली असतील. निम्मी रानात वाढलेली, दुपारच्या भाकरीला सावली शोधत बसणारी. त्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं असं होईल का? ठाऊक असणार. पण गुण कशाला मिळतात हेही त्यांना ठाऊक होतं. डोळ्यांनी बघितलेलं घरी ठेवून त्यांनी माझं वाक्य लिहिलं आणि मी त्यांना हुशार म्हणालो. एका पोरानं उलट विचारलं नाही असं तुला मी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं. ते वाक्य तू त्या पत्रातून खोडून टाक.

तुला गांडूळ हातात धरायला लावणारा मी, स्वतः कधी उन्हात उभा राहिलो नाही. ती निळी वही मी ज्यावरून उतरवली ती माझ्या मास्तरांची होती. त्यांनी कुणाची उतरवली होती देव जाणे. चूक तुझी नाही. तू माझ्या मागे लपलीस असं लिहितेस, पण त्या वहीत मीच तुझ्या पुढे उभा होतो.

त्या मुलीला दोन ओळी लिहायला बसलो आणि फाडून टाकल्या. वर्गात हसू झालं, तर वर्गातच सांगायला पाहिजे, हे तिचं म्हणणं योग्य आहे. बुधवारी निघतो. कुर्डुवाडीला गाडी बदलून सांगोल्याला संध्याकाळी पोचेन. गुरुवारी बाराच्या आत शाळेत. काकूही येते आहे. गुडघ्याचं म्हटलं तर म्हणाली, “तुमी एकलं गेला तर तितं बी उत्तर दिशाच सांगून याल.” हे पत्र आजच टाकतो, पण आमच्या आधी तुला मिळेल की नाही सांगता येत नाही. नाही मिळालं तर अचानक दारात बघून दचकू नकोस.

फक्त राजनंदिनीला गुरुवारी शाळेत आण. येत नसली तर आम्ही माळावर येऊ, आणि वर्गही माळावर आणू.

तुझा,
जोतीराम गुरुजी


धनगर वस्ती, ता. सांगोला
१० ऑगस्ट २०२३

आदरणीय गुरुजी आणि बजाबाई आजी यांना,
राजनंदिनी सिद्धनाथ हिचा नमस्कार.

बाई म्हणाल्या की गुरुजींना फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिही. मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. चुकलं तर सांगा.

तुम्ही दोघं सुखरूप पोचला का? आजीचा गुडघा प्रवासानं दुखला का? आमच्या केराआजीनं निरगुडीचा पाला सांगितला आहे. गरम करून बांधायचा. केराआजी रोज बजाबाई आजीची आठवण काढते. त्या दिवशी शाळेच्या मैदानात सगळी पोरं काठीकडं बघत होती आणि दोघी आज्या कडुलिंबाखाली रांजणाचं आणि कुरडयांचं बोलत होत्या. काठीला सावली नाही असं आम्ही ओरडलो तेव्हा दोघींनी मान वर करून बघितलं आणि परत बोलायला लागल्या.

गुरुजी, मी त्या दिवशी तुम्हाला काही बोलले नाही. म्हणून आता लिहिते.

मी शाळेत येणार नव्हते. आदल्या आठवड्यात बाईंनी वर्गात सांगितलं होतं, ते मला मैत्रिणीनं सांगितलं, तरी मी येणार नव्हते. मला वाटलं, दोन दिवसांनी मेंढरांमागं जायचंच आहे, आता कशाला. पण सकाळी अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “लांबून एक म्हातारा मास्तर चूक कबूल कराया आलाय म्हनं. आसं म्या कवा बघितलं न्हाय. चल, बघू तर.” म्हणून अप्पा पण आले होते. फाटकापाशी उभे होते ते माझे अप्पा.

तुम्ही फळ्यावर प्रश्न लिहिला आणि वर्गाला म्हणालात, हा प्रश्न माझा आहे, बत्तीस वर्षं चुकलेला आहे आणि त्याचं बरोबर उत्तर तुमच्यातल्या एकीनं लिहिलं आहे. मग म्हणालात, आता ती सांगेल त्या वेळी आपण बाहेर जायचं, घड्याळ सांगेल त्या वेळी नाही. तेव्हा मागच्या बाकावरून कुणी काही बोललं नाही. मी बाहेर बघितलं. शाळेत मेंढरं नव्हती म्हणून मला जरा भीती वाटली, पण फाटकातून अप्पांनी दुपार भरली म्हणून हात केला.

बाईंनी माझा पेपर काढला आणि शून्य खोडून पाच केले. मी म्हणाले, गुण नकोत, खालचं ते खोडा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही त्यांच्या हातातून लाल पेन घेतलं आणि ‘उद्धटपणा करू नये’ वर रेघ मारली आणि तिथं लिहिलं, ‘असंच विचारत जावे’, आणि खाली सही केलीत. तो पेपर केराआजीनं पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. रेशनकार्डाच्या वर.

मी शाळेत जाते. कोकरं या वेळी चुलत्यांच्या पोरी सांभाळणार. आता बाई रोज दुपारी आम्हाला मैदानात नेतात. सावली उत्तरेकडं निघाली आहे. काल ती काठीपासून दोन बोटांवर होती. तुमच्या वहीतला प्रश्न आम्ही सगळ्यांनी मिळून नव्यानं लिहिला, त्यात महिना आहे.

आता एक काम सांगायचं आहे. अप्पा शनिवारी मेंढरं घेऊन गेले. या वर्षी ते तुमच्याकडं, उजनीच्या पाण्याच्या कडेनं जेऊरला येणार आहेत. अजून आठ-दहा दिवसांत पोचतील. लाल पटका आणि बरोबर पांढरं कुत्रं आहे, ओळखू येतील. अप्पा चौथी शिकलेत. पण कोणत्या वाऱ्यानं पाऊस येतो, कोणतं गवत मेंढरू खात नाही आणि का खात नाही, चांदणी कोणती कधी उगवते, हे त्यांना सगळं ठाऊक आहे. ते आपण होऊन सांगत नाहीत. त्यांना वाटतं, मास्तर लोकांना काय सांगायचं.

गुरुजी, तुम्ही त्यांना विचारा.

आपली विद्यार्थिनी,
राजनंदिनी